थडग्यावरील नाव आणि पॅरिशची नोंद : पश्चिम क्लेअरमधील एका आयरिश घराण्याचा माग

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या सासूबाईंचे माहेर, म्हणजे मॅक्मोहन घराणे, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील काउंटी क्लेअरमधले. किलरशच्या परिसरातील एका जुन्या दफनभूमीत त्यांच्या पूर्वजाची स्मृतिशिला आहे. हा पूर्वज मार्च १८५८ मध्ये वयाच्या ७२ व्या वर्षी वारला, तो अमुक टाउनलँडचा (जमिनीच्या सर्वांत लहान अधिकृत विभागाचा) रहिवासी होता आणि शिळा त्याच्या मुलाने उभारली, एवढे तिच्यावर वाचता येते. त्याखाली पत्नीचे नाव आहे, पुढे ‘एलिअस’ (alias, म्हणजे ‘उर्फ’) असा शब्द आहे आणि त्यानंतरची अक्षरे झिजलेली आहेत. कॅथलिक पॅरिशच्या (चर्चच्या स्थानिक विभागाच्या) बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत याच नावाचे तीन बाप आपल्याला सापडले आहेत आणि त्यांपैकी आपला कोणता हे ठरत नाही. शिवाय या पूर्वजाचा एक भाऊ मुंबईच्या फौजेत होता व पुण्याकडे वारला, असे घरात सांगितले जाते.

आयरिश नोंदींचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे आणि त्या अनुभवावरून पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. तीन समान नावांमधून एक निवडण्याचा निर्णय नावावरून कधीही करू नये. तो जागेवरून, पत्नीच्या माहेरच्या आडनावावरून आणि बाप्तिस्म्याला उभ्या राहिलेल्या माणसांवरून करावा. क्लेअरमध्ये मॅक्मोहन हे अत्यंत प्रचलित आडनाव आहे आणि मुलांना ठेवायची नावेही मोजकीच होती, त्यामुळे एका पॅरिशमध्ये एकाच पिढीत तीन पॅट्रिक किंवा तीन मायकेल मॅक्मोहन असणे यात काहीही विशेष नाही. आपल्या बाबतीत ‘एलिअस’नंतरची जी अक्षरे झिजली आहेत, तीच या सगळ्या शोधाची किल्ली असण्याची दाट शक्यता आहे. घरातील मंडळी तो शब्द टोपणनावाचा समजत आली आहेत, परंतु आयर्लंडच्या अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील शिळांवर विवाहित स्त्रीच्या नावापुढे ‘एलिअस’ लिहून तिचे माहेरचे आडनाव देण्याची पद्धत होती. बाप्तिस्म्याच्या नोंदीतही आईचे माहेरचेच आडनाव लिहिले जाई. म्हणजे शिळेवरील ते एक आडनाव वाचता आले, तर तीन बापांपैकी दोघे बहुधा तिथेच गळून पडतील.

आयर्लंडमध्ये शिळा आणि पॅरिशच्या वह्या यांना इतके महत्त्व का येते, हे समजून घेतले तर पुढची पद्धत आपोआप कळते. तेथे १८२१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती झाली, पण १८२१ ते १८५१ या चार शिरगणत्यांचे बहुतेक सर्व कागद ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या प्रारंभी, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील सार्वजनिक अभिलेख कार्यालयाला लागलेल्या आगीत नष्ट झाले. १८६१ व १८७१ चे कागद सरकारने त्याआधीच नष्ट केले होते आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले. त्याच आगीत चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट पंथाच्या निम्म्याहून अधिक पॅरिशच्या जुन्या वह्या जळाल्या, कारण १८७० च्या दशकातील कायद्याने त्या सरकारी अभिलेख ठरून डब्लिनला जमा झाल्या होत्या. कॅथलिक वह्या मात्र त्या-त्या गावातील धर्मगुरूंच्या घरीच होत्या, म्हणून त्या वाचल्या. जन्म, मृत्यू आणि विवाह यांची सर्व धर्मीयांसाठीची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८६४ रोजी सुरू झाली; बिगर-कॅथलिक विवाहांची नोंदणी तेवढी १ एप्रिल १८४५ पासून होती. आपला पूर्वज १८५८ मध्ये वारला, म्हणजे त्याचा सरकारी मृत्युदाखला असणे शक्यच नाही. क्लेअरसारख्या भागातील कॅथलिक पॅरिशमध्ये दफनाच्या वह्या क्वचितच ठेवल्या जात, म्हणून त्याच्या मृत्यूचा एकमेव लेखी पुरावा बहुधा ती शिळाच आहे.

तरीही शोधाची सुरुवात शिळेपासून करू नका. ज्या पिढीबद्दल शंका नाही त्या पिढीपासून मागे मागे येत शिळेपर्यंत पोहोचा. शिळेपासून पुढे येणारा माणूस आपल्याला हवे ते नाव सापडताच थांबतो, आणि चुकीच्या घराण्याच्या वंशावळी बहुधा अशाच तयार होतात. सासूबाईंच्या आजोबांचा विवाह १८६४ नंतरचा असेल, तर त्याच्या सरकारी दाखल्यात वर आणि वधू दोघांच्या वडिलांची नावे व व्यवसाय मिळतील. हे दाखले ‘आयरिश जिनिऑलॉजी’ या सरकारी संकेतस्थळावर प्रतिमांसह विनामूल्य पाहता येतात; जन्म १०० वर्षांपूर्वीचे, विवाह ७५ वर्षांपूर्वीचे आणि मृत्यू ५० वर्षांपूर्वीचे असा तेथील नियम आहे. मृत्यूच्या दाखल्यात आईवडिलांची नावे नसतात, पण माहिती देणाऱ्याचे नाव, त्याचे नाते व पत्ता असतो, आणि त्यातून सून, नातू किंवा विवाहित मुलगी अचानक समोर येते.

१९०१ आणि १९११ च्या शिरगणत्या पूर्ण उपलब्ध आहेत आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या विनामूल्य खुल्या केल्या आहेत. त्या वाचताना वयाकडे सावधपणे पाहावे. १ जानेवारी १९०९ पासून सत्तर वर्षांवरील व्यक्तींना वृद्धापकाळ निवृत्तिवेतन मिळू लागले, आणि १९०१ मध्ये ५८ वर्षांची असलेली व्यक्ती १९११ मध्ये ७२ वर्षांची झालेली वारंवार दिसते. काहींनी वय वाढवून सांगितले हे खरे, पण पुष्कळांना आपले खरे वय ठाऊकच नव्हते. याच निवृत्तिवेतनामुळे एक मोलाचा कागद मागे राहिला आहे. अर्जदारांकडे जन्मदाखला नसल्याने त्यांचे वय १८४१ व १८५१ च्या, तेव्हा अस्तित्वात असलेल्या, शिरगणतीत शोधले जाई आणि त्या शोधाचे अर्ज आजही जपलेले आहेत. अर्जावर आईवडिलांची नावे, आईचे माहेरचे आडनाव आणि त्या वर्षीचा टाउनलँड असतो. कधी कधी शोधणाऱ्या कारकुनाने त्या घरातील सर्व माणसांची नोंदही उतरवून ठेवलेली असते. शिळा उभारणाऱ्या मुलाची मुले १८४० च्या सुमारास जन्मली असतील, तर त्यांपैकी एखाद्याचा असा अर्ज अवश्य शोधा. जळालेल्या शिरगणतीचा तो तुकडा आपल्या घराण्याचा असू शकतो.

आता शिळेकडे येऊ. शिळेवरचा मजकूर हा मृताचा नव्हे, तर ती उभारणाऱ्याचा जबाब असतो, ही गोष्ट वाचनाच्या प्रत्येक टप्प्यावर मनात ठेवावी लागते. ‘वय ७२’ याचा अर्थ मुलाला किंवा सुनेला त्याचे वय ७२ असावे असे वाटले. त्यावरून जन्म १७८६ चा मानण्याऐवजी १७८० ते १७९२ असा काळ डोळ्यांपुढे ठेवणे योग्य. शिळेवर जे वर्ष कोरलेले असते ते मृत्यूचे असते, शिळा उभारल्याचे नव्हे. १८४० च्या दशकातील महादुष्काळानंतर हाती थोडा पैसा आलेल्या किंवा अमेरिकेहून पैसे पाठवणाऱ्या मुलांनी वीस-तीस वर्षांनी शिळा उभारल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, आणि तेवढ्या अंतराने तारखांची स्मृती सैल होते. सर्व नावे एकाच हाताने आणि एकाच खोलीने कोरलेली आहेत की खालच्या ओळी नंतर भरल्या आहेत, हे पाहिले की शिळेचे वय बरेचसे कळते. बऱ्याच शिळांवर ‘स्वतःसाठी व आपल्या वंशजांसाठी’ अशा अर्थाचे शब्द असतात. त्यांनी दफनाच्या जागेवरचा हक्क सांगितलेला असतो, आणि उभारणारा माणूस तेव्हा जिवंत होता हे त्यावरून ठरते.

शिळा जिथे आहे तिथेच घराणे राहत होते असेही गृहीत धरू नका. जुन्या, मध्ययुगीन चर्चच्या अवशेषांभोवतीच्या दफनभूमींत कॅथलिक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पूर्वजांशेजारी जागा घेत आली आणि त्यासाठी प्रेत काही मैल दूर नेण्याची त्यांची तयारी असे. कधी विवाहित स्त्रीलाही तिच्या माहेरच्या माणसांजवळ पुरले जाई. त्यामुळे दफनभूमी एका पॅरिशमध्ये आणि टाउनलँड दुसऱ्या पॅरिशमध्ये असला तर गोंधळून जाऊ नका. उलट तो फरक घराणे मुळात कुठले होते याची खूण असू शकतो. या जुन्या दफनभूमींची मालकी धर्मसुधारणेनंतर प्रोटेस्टंट पॅरिशकडे गेली होती. म्हणून तेथील प्रोटेस्टंट दफनवही १९२२ च्या आगीतून बचावली असेल, तर तिच्यात कॅथलिक नावेही पाहावीत. हा शोध बहुतेक लोक सोडून देतात.

झिजलेली अक्षरे वाचण्यासाठी शिळा खरवडू नका, तारेचा ब्रश लावू नका, खडू किंवा दाढीचा फेस फासू नका आणि दगडफूल उपटू नका. पश्चिम क्लेअरमधील बऱ्याच शिळा तेथील थरांच्या फरशीदगडाच्या आहेत. या दगडाचा वरचा पापुद्रा सुटला की त्यावरचा लेख कायमचा जातो. शिवाय अशा बऱ्याच दफनभूमी राष्ट्रीय स्मारक कायद्यांखाली संरक्षित आहेत. अक्षरे वाचायला लागतो तो तिरपा प्रकाश. लेखाची बाजू पूर्वेकडे असेल, तर दुपारच्या सुमारास ऊन शिळेच्या पृष्ठभागाला चाटून जाते आणि तेवढ्या थोड्या वेळात, सकाळभर सपाट दिसणाऱ्या दगडावर अक्षरांच्या कडा उठून येतात. ऊन नसेल, तर संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च शिळेला जवळजवळ टेकवून एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, मग खालून धरावा आणि कॅमेरा न हलवता प्रत्येक वेळी छायाचित्र घ्यावे. ‘एलिअस’च्या ओळीची अशी आठ-दहा छायाचित्रे एकमेकांशेजारी ठेवून पाहिली, तर निदान आडनावाचे पहिले अक्षर आणि एकूण लांबी हाती लागते. पश्चिम क्लेअरमधील आडनावांची यादी फार मोठी नसल्यामुळे एवढेही पुष्कळदा पुरते. आकड्यांत १ आणि ७, तसेच ३, ५ आणि ८ यांची अदलाबदल होते, हे १८५८ वाचतानाही लक्षात असू द्या.

मजकूर उतरवताना ओळी जशा तुटल्या आहेत तशाच लिहाव्यात, चुकीचे शब्दलेखन सुधारू नये आणि वाचता न आलेल्या अक्षरांच्या जागी अंदाज न भरता रिकाम्या खुणा ठेवाव्यात. शेजारच्या चारही बाजूंच्या शिळांची छायाचित्रेही घ्या, कारण त्या बहुधा नातलगांच्या असतात. आपली शिळा पूर्वी, अधिक चांगल्या स्थितीत असताना, कोणी वाचून ठेवली आहे का हेही पाहावे. क्लेअर काउंटी ग्रंथालयाने अनेक दफनभूमींतील लेखांची उतारेवजा नोंद विनामूल्य खुली केली आहे, आणि या बाबतीत क्लेअरइतके भाग्यवान जिल्हे आयर्लंडमध्ये थोडेच आहेत. ‘हिस्टॉरिक ग्रेव्ह्ज’ या उपक्रमात गावकऱ्यांनी छायाचित्रांसह नोंदवलेल्या दफनभूमी आहेत. १८८८ मध्ये मृतांच्या स्मारकांच्या जतनासाठी आयर्लंडमध्ये एक संस्था स्थापन झाली होती. तिच्या नियतकालिकातही देशभरातील लेख छापलेले आहेत, पण त्यात साध्या कुळांपेक्षा प्रतिष्ठित घराण्यांच्या शिळा अधिक आढळतात.

पॅरिशच्या नोंदवह्यांविषयी अधिक विस्ताराने लिहितो, कारण आपला गुंता तिथेच आहे. कॅथलिक पॅरिशच्या साधारण १८८० पर्यंतच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे (मायक्रोफिल्म) आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने गेल्या शतकाच्या मध्यात घेतली आणि जुलै २०१५ मध्ये ती सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. त्यात हजाराहून अधिक पॅरिश आहेत. या संकेतस्थळावर नावांची सूची नाही, पाने स्वतः वाचावी लागतात. व्यापारी संकेतस्थळांनी नंतर सूची तयार केल्या, आणि क्लेअरपुरते कॉरोफिन येथील वंशसंशोधन केंद्राकडेही वह्यांचे उतारे आहेत. सूची वापरा, पण निर्णय मूळ पानावरच करा. आपल्याला जे तीन बाप सापडले ते सूचीतून सापडले असतील, तर तिन्ही पाने उघडून त्यांच्या आगेमागेची काही वर्षेही वाचा, कारण सूचीकार टाउनलँड आणि धर्मपित्यांची, म्हणजे बाप्तिस्म्याला मुलासाठी उभ्या राहणाऱ्यांची, नावे अनेकदा गाळतात आणि निर्णायक माहिती नेमकी तीच असते.

किलरशची कॅथलिक वही १८२७ पासून सुरू होते आणि आसपासच्या काही पॅरिशच्या वह्या त्याहूनही उशिरा. म्हणजे १७८६ च्या सुमारास जन्मलेल्या पूर्वजाचा बाप्तिस्मा या वह्यांत मिळणार नाही, आणि त्याच्या थोरल्या मुलांचाही बहुधा नाही. १८२७ नंतर झालेली धाकटी मुले मात्र मिळतील, आणि आपला पूर्वज त्या नोंदींत बाप म्हणून दिसेल. प्रत्येक नोंदीत साधारणपणे तारीख, मूल, बाप, आईचे माहेरच्या आडनावासह नाव आणि धर्मपिता व धर्ममाता असतात. टाउनलँड देणे-न देणे त्या-त्या धर्मगुरूच्या सवयीवर अवलंबून असे. तिन्ही मॅक्मोहनांसाठी वेगवेगळा कागद घ्या आणि १८२७ ते १८५० या काळातील त्यांच्या सर्व मुलांच्या नोंदी त्यावर उतरवा. पत्नीचे आडनाव ज्याचे त्याच्याखाली, टाउनलँड ज्याचा त्याच्याखाली, अशी मांडणी झाली की तीन नावे तीन कुटुंबे होतात.

वह्या इंग्रजीत किंवा लॅटिनमध्ये असतात. लॅटिन वहीत जेम्सचा याकोबुस होतो, विल्यमचा गुलिएल्मुस होतो, आणि ओवेन नावाचा माणूस युजेनिउस म्हणून येतो. आयरिश नावांची इंग्रजी रूपेही ठरलेली नव्हती. टाइग याला एके ठिकाणी थॅडिअस, दुसरीकडे टिमथी म्हणतील, आणि डर्मट हाच कधी डार्बी तर कधी जेरेमाया असेल. आडनावातील ‘मॅक’ आणि ‘ओ’ एकोणिसाव्या शतकात सर्रास गाळले जात आणि गेलिक (आयरिश भाषा-संस्कृतीच्या) पुनरुज्जीवनाच्या काळात ते पुन्हा लावले गेले, म्हणून ‘माहन’, ‘मॅकमाहन’ आणि ‘मॅक्मोहन’ तिन्ही शोधावेत.

धर्मपिता आणि धर्ममाता यांच्याकडे सर्वाधिक लक्ष द्या, असे मी आग्रहाने सांगेन. हे मान परक्याला दिले जात नसत. पहिल्या काही मुलांच्या वेळी ते बहुधा नवरा-बायकोच्या सख्ख्या भावंडांकडे जात. आपल्या पूर्वजाच्या पाच मुलांना जर कीन आडनावाची दोन माणसे उभी राहिली असतील आणि शिळेवरील झिजलेल्या आडनावाची लांबी चार-पाच अक्षरांची असेल, तर या दोन स्वतंत्र गोष्टी एकमेकींना आधार देतात. पुढे त्याच धर्मपित्यांच्या स्वतःच्या मुलांच्या नोंदी पाहा. तेथे आपला पूर्वज धर्मपिता म्हणून उभा असेल. अशी देवघेव दिसली की दोन घरे नात्यातली होती याची खात्री जवळजवळ पटते.

विवाह सामान्यतः वधूच्या पॅरिशमध्ये होई, म्हणून मुलांच्या पॅरिशमध्ये विवाह न सापडल्यास शेजारच्या पॅरिश पाहा आणि जानेवारी-फेब्रुवारीचे महिने आधी तपासा, कारण ईस्टरआधीच्या उपवासकाळापूर्वी लग्ने उरकण्याची रीत होती. कॅथलिक विवाहनोंदीत बहुधा वर, वधू आणि साक्षीदार एवढेच असतात. पण कधी तिथे चर्चने दिलेल्या सवलतीचा उल्लेख येतो: वर-वधू तिसऱ्या पायरीचे रक्तसंबंधी असूनही विवाहास परवानगी दिली, अशा अर्थाचा. चर्चच्या मोजणीत दुसरी पायरी म्हणजे समान आजी-आजोबा, तिसरी म्हणजे समान पणजी-पणजोबा आणि चौथी म्हणजे त्याच्याही वरची एक पिढी. १८३५ मधील वर आणि वधू यांचे पणजोबा एक होते असे धर्मगुरूने लिहून ठेवले असेल, तर वही सुरू होण्याच्या शंभर वर्षे आधीच्या माणसाविषयीचा पुरावा आपल्याला मिळतो, भले त्याचे नाव लिहिलेले नसो. आयरिश कुळांच्या बाबतीत इतके मागचे काही हाती लागणे दुर्मीळ आहे आणि अशी ओळ मिळाली की मला मनापासून आनंद होतो.

१८६४ नंतरच्या मुलांच्या बाबतीत बाप्तिस्म्याची तारीख सरकारी जन्मतारखेच्या आधीची दिसली तर ती वेगळी व्यक्ती समजू नका. नोंदणीला उशीर झाल्यास दंड होता, म्हणून बाप पुढची तारीख सांगे. अशा वेळी बाप्तिस्म्याची तारीख खरी मानावी. आधीचे मूल दगावल्यास तेच नाव पुढच्या मुलाला देत, हेही ध्यानात ठेवा. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या नावाचा ही रूढी दिशा दाखवते. पुरावा म्हणून मात्र ती कधीही मांडू नये.

टाउनलँड म्हणजे जमिनीचा सर्वांत लहान अधिकृत विभाग. आयर्लंडमध्ये असे साठ हजारांहून अधिक विभाग आहेत आणि एकाच नावाचे कित्येक असतात. शिळेवरील टाउनलँडचे नाव आजच्या शब्दलेखनाशी जुळत नसेल, तर ‘लोगान्म’ या सरकारी स्थलनामकोशात जुनी रूपे पाहा. मग रिचर्ड ग्रिफिथ यांनी केलेले जमीन व घरांचे मूल्यांकन उघडा. क्लेअरचे ते १८५५ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे आपल्या पूर्वजाच्या मृत्यूच्या तीनच वर्षे आधी. त्यात प्रत्येक टाउनलँडमधील कूळ, जमीनदार, क्षेत्र आणि घर यांची नोंद आहे, सोबत नकाशाचा क्रमांक आहे, आणि एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाची दोन कुळे असतील तर त्यांना ओळखण्यासाठी बापाचे नाव किंवा ओळखनाव जोडलेले असते. आपल्या तीन मॅक्मोहनांपैकी शिळेवरील टाउनलँडमध्ये १८५५ साली कोण आहे, हे पाहणे ही पत्नीच्या आडनावानंतरची दुसरी कसोटी.

तिसरी कसोटी अधिक निर्णायक आहे, आणि ती वापरणारे लोक फार थोडे. या मूल्यांकनानंतर प्रत्येक जमिनीवर कूळ बदलले की ते वहीत जुने नाव खोडून, वर्ष घालून, वेगळ्या रंगाच्या शाईने लिहिले जाई. आपल्याकडील फेरफार नोंदींशी परिचय असलेल्यांना या वह्या वाचणे जड जाणार नाही. त्या डब्लिन येथे, आता ‘टायल्टे एरन’ या संस्थेत विलीन झालेल्या मूल्यांकन कार्यालयाच्या संग्रहात आहेत. १८५८ नंतर थोड्याच काळात शिळेवरील टाउनलँडमध्ये बापाचे नाव खोडून शिळा उभारणाऱ्या मुलाचे नाव लिहिलेले आढळले, तर शिळा, जमीन आणि कुटुंब एकत्र बांधले गेले. तीच जमीन १९०१ मध्ये कोणाकडे होती येथवर त्या वह्या वाचत आलात, तर सासूबाईंच्या ओळखीच्या माणसांपर्यंत साखळी अखंड येते. मागच्या बाजूला १८२३ ते १८३७ या काळातील दशमांश कराच्या (चर्चसाठी शेतीवर घेतल्या जाणाऱ्या कराच्या) याद्या आहेत. त्यात फक्त शेतजमीन करणाऱ्यांची नावे असल्याने मजूर आणि गावातील लोक सापडत नाहीत.

या दोन यादींच्या मध्ये १८४५ ते १८५२ चा महादुष्काळ येतो. दशमांशाच्या यादीतील नाव ग्रिफिथच्या मूल्यांकनात नसेल, तर कुटुंब मरण पावले असेल, परदेशी गेले असेल किंवा त्यांचे घर पाडून त्यांना हाकलले असेल. किलरश परिसरात १८४७ ते १८५० दरम्यान झालेल्या सामूहिक हकालपट्ट्या देशातील सर्वांत भीषण हकालपट्ट्यांपैकी होत्या. तेथील अधिकारी कॅप्टन आर्थर केनेडी यांनी त्यांचे अहवाल पाठवले आणि हाकललेल्या कुळांच्या याद्या ब्रिटिश संसदेच्या कागदपत्रांत छापल्या गेल्या. आपल्या तिघांपैकी एखादा त्या यादीत असेल, तर तो १८५८ मध्ये त्याच टाउनलँडवर वारलेला माणूस असण्याची शक्यता कमी होते. दुष्काळात वारलेल्यांच्या शिळा जवळजवळ नाहीतच. आपल्या पूर्वजाची शिळा उभी आहे यावरून त्याचा मुलगा त्या वर्षांतून तगला आणि दगड घडवून घेण्याइतका सावरला, एवढे समजते.

बोस्टन किंवा न्यूयॉर्कला गेलेली भावंडे असतील तर तिकडच्या शिळा पाहा, कारण स्थलांतरितांच्या शिळांवर मायदेशाचा पॅरिश व काउंटी कोरलेली असते. ‘बोस्टन पायलट’ या वृत्तपत्रात १८३१ पासून हरवलेल्या नातलगांच्या शोधाच्या जाहिराती येत. त्यांतही पॅरिशचे नाव असे.

राहिला मुंबईच्या फौजेतील भाऊ. ही कथा अविश्वसनीय मुळीच नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या युरोपियन पलटणींत आयरिश शिपायांचा भरणा मोठा होता, आणि कंपनीची मुंबईची फ्युझिलियर पलटण १८६२ मध्ये राणीच्या सैन्यात १०३ वी पलटण म्हणून घेतली गेल्यावर १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सचा भाग झाली. तो कंपनीच्या पलटणीत होता की राणीच्या, हे आधी ठरवावे लागेल, कारण दोन्हींचे कागद वेगळ्या ठिकाणी आहेत. कंपनीच्या शिपायांच्या भरतीच्या आणि जहाजावर चढल्याच्या याद्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. त्यात वय, व्यवसाय आणि मूळ ठिकाण मिळते. राणीच्या पलटणीचा शिपाई निवृत्तिवेतन घेऊन परतला असेल, तर त्याचे सेवापत्र लंडनमधील क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असते. सेवेत असतानाच वारलेल्यांची सेवापत्रे तिथे बहुधा नसतात. त्यांच्यासाठी पलटणीच्या मृत्यूविवरणांत जन्मस्थान आणि जवळच्या नातलगाचे नाव शोधावे.

पुण्यातील किंवा खडकीतील दफनभूमीत त्याची शिळा मिळेल अशी अपेक्षा धरू नका. साध्या शिपायासाठी दगड क्वचितच उभारला जाई. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात आणि त्या इंडिया ऑफिसच्या ‘एन/३’ या मालिकेत आहेत. शिपाई कॅथलिक असल्यामुळे कॅथलिक विवरणे स्वतंत्रपणे पाहावीत. ती प्रोटेस्टंट विवरणांइतकी पूर्ण नाहीत, म्हणून तेथे नाव नसले तरी घरची आठवण खोटी ठरत नाही. पुण्याची छावणी पेशवाईच्या अखेरीनंतर वसली, तेव्हा शोध १८१८ पासून करावा. भरतीच्या नोंदीत क्लेअर आणि शिळेच्या परिसरातील पॅरिश एकत्र आढळली, आणि जवळचा नातलग म्हणून आपल्या पूर्वजाचे किंवा त्यांच्या वडिलांचे नाव निघाले, तर शिळेच्या मागची ती एक पिढी, जिच्यासाठी किलरशच्या वहीत पानच नाही, तिथे लिहिलेली सापडेल. म्हणून ‘एलिअस’ची ओळ वाचून झाल्यावर पुढचा शोध मी या नोंदीचाच घेईन.